मे महिन्यासाठी राखलेला हुरडा

एप्रिल लागला की दुपारी आमच्या घरात फक्त मधल्या खोलीतला फ्रीझर बोलतो. बाकी सगळं गप्प होतं. रस्ता, समोरचं दुकान, कडुनिंबावरचे कावळे, सगळे कुठंतरी सावलीला जाऊन बसतात, आणि हा कपाटासारखा उभा, पांढरा फ्रीझर एकाच सुरात गुणगुणत राहतो. मला तो आवाज आवडतो. ऐकता ऐकता डोळे मिटले की मला ज्वारीचं शेत दिसायचं. कारण साधं होतं. त्या फ्रीझरमध्ये ज्वारीचं शेतच ठेवलेलं होतं, निदान त्यातलं जेवढं पिशव्यांत मावतं तेवढं.

शेत आमचंच, अक्कलकोटच्या अलीकडचं. सासरे गेले. माझ्या नवऱ्याची नोकरी कुर्डुवाडीला रेल्वेत, रोज जाऊन येऊन करण्याची. मी सोलापुरात एका ऑफिसात, मुलं दिवसभर शाळा-शिकवणीत. सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच अव्वा म्हणतो, त्या शेतावरच्या घरात एकट्या किती काळ राहणार? शेवटी बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला शेत विकलं आणि अव्वा आमच्याकडं राहायला आल्या. वन्संना, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीला, हे सगळं ठरून गेल्यावर कळलं. त्या लांब उत्तरेत, नवऱ्याच्या नोकरीच्या गावी असतात. फोनवर त्या भांडल्या नाहीत की रडल्या नाहीत. मला एका शब्दानं विचारायचं तरी, एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले. आले तरी तिकडची थंडी, इकडचा उन्हाळा आणि मुलांच्या परीक्षा यांवरच आटपायचे. अव्वा फोन ठेवून देवळीकडं बघत बसायच्या, आणि मी उगाच भांडी आवरायचे.

शेत देताना अव्वांनी एकच गोष्ट मागून घेतली होती. उभं पीक आमचं. म्हणून शेवटची येळवस आमच्या रानातच झाली. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, त्या दिवशी आमच्या बाजूला घरंच्या घरं शेतात जेवायला जातात. कडब्याच्या खोपीत पूजा, मग पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. जेवून तिथंच ज्वारीच्या ताटांच्या सावलीत आडवं व्हायचं. वर निळं आभाळ, मध्ये डुलणारी कणसं आणि पोट तुडुंब. आपण मेलो आणि सगळं चांगलं झालं असं मला त्या झोपेत दरवर्षी वाटायचं. त्या वर्षीही वाटलं. फक्त वन्सं आल्या नव्हत्या.

मग थोड्याच दिवसांत हुरडा आला. आमच्याकडं हुरड्याच्या आगटीजवळ अव्वाच बसणार हे कुणी ठरवलेलं नाही, पण ते तसंच आहे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजलं की बाहेर काढून गरम गरमच दोन्ही तळहातांत चोळायची, फुंकर मारून कूस उडवायची आणि कोवळे हिरवे दाणे समोरच्याच्या हातावर ओतायचे. तळहात लालबुंद होतात, पण अव्वा दुसऱ्याला चोळू देत नाहीत. त्या वर्षी आमच्या हातांवर एकेक मूठ पडली आणि अव्वांनी हात आखडता घेतला. बाकीचा सगळा हुरडा पसरून गार केला, पिशव्यांत भरला, पिशव्या चपट्या केल्या. आणि शेतातूनच वन्संना फोन लावला.

“तुझा वाटा ठिवलाय,” अव्वा म्हणाल्या. “मे महिन्यात ये. आपल्या रानातला शेवटचा हाय.”

मग वन्सं म्हणाल्या, “येते.”

त्या एका शब्दापायी आम्ही उभा फ्रीझर घेतला. ऑफिसात मी सांगितलं की घरात माणसं वाढली, फ्रिज पुरत नाही. हुरड्यासाठी फ्रीझर घेतला म्हटलं असतं तर बायका महिनाभर माझी फिरकी घेत बसल्या असत्या.

एप्रिलच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ऑफिसातून आले, बर्फ काढायला फ्रीझर उघडला, आणि वरच्या खणातली पिशवी हाताला मऊ लागली. दगडासारखी असायला हवी ती पिशवी उशीसारखी दबली. खालच्या खणातल्या मात्र कडक होत्या. वरच्या कडेला, दाराच्या आतल्या बाजूला, पांढरा भुसभुशीत बर्फ साचला होता. मला वाटलं, दार नीट लागलं नसेल. दार लावलं, हात जोडले आणि स्वयंपाकाला लागले. सकाळी पिशवी पुन्हा कडक. म्हटलं, चला, सुटलो. संध्याकाळी पुन्हा मऊ.

तिथून माझी फ्रीझरशी लढाई सुरू झाली. मी मुळात तापट बाई आहे, आणि यंत्रांवर चिडायला मला विशेष आवडतं, कारण ती उलट बोलत नाहीत. आधी प्लग बघितला. मग आतलं थंडीचं बटण बघितलं, पुसताना कुणी फिरवलं तर नाही ना. जागच्या जागी होतं. मग संशय व्होल्टेजवर गेला. उन्हाळ्यात दुपारी आमच्या भागात पंखे असे फिरतात की पाती मोजावीत. ह्यांनी स्टॅबिलायझर आणून लावला. काही फरक नाही. मग आतल्या पिशव्या पाठच्या जाळीला चिकटल्यात का बघितलं, कारण तिथून गार वारा सगळ्या खणांत फिरतो. त्या थोड्या पुढं ओढल्या. एका सकाळी सगळ्या पिशव्या गोधडीत गुंडाळून ठेवल्या, साचलेला बर्फ वितळू दिला, दाराचं रबर कोमट पाण्यानं पुसलं. पुसताना रबराच्या खाचेत एक लाल सुताचा धागा अडकलेला सापडला. तो काढून टाकला. मग जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा दारात धरून दार लावलं आणि ओढून बघितला. निघता निघेना. रबर ठणठणीत होतं. फ्रीझर भिंतीपासून हातभर पुढं ओढला, मागची धूळ झाडली, तिच्यात मला हरवलेली एक हेअरपिन मिळाली. हेअरपिनचाच काय तो फायदा झाला.

विचित्र म्हणजे रविवारी काही होत नसे. रविवारी मी दिवसभर घरात, मधल्या खोलीत कूलर लावून लोळत असायचे, आणि फ्रीझर शहाण्या मुलासारखा वागायचा. सोमवारी मी ऑफिसला गेले की त्याच्या अंगात यायचं. एक मेकॅनिक बोलावला, तो नेमका रविवारी आला. त्यानं फ्रीझरला कान लावला, पाठीमागं हात फिरवला आणि चांगलं तर चाललंय की म्हणाला. मी दिवसाचं गाऱ्हाणं सांगितल्यावर म्हणाला, कॉम्प्रेसर थकला असेल, दुकानात नेऊन काही दिवस ठेवावं लागेल. आणि हुरडा कुठं ठेवू? त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी चहा करायला आत गेले.

अव्वा ह्या सगळ्यात काही बोलायच्या नाहीत. मी पिशवी दाबून बघत असले की मागं येऊन उभ्या राहायच्या आणि माझ्या चेहऱ्यावरून काय ते ओळखायच्या. एकदा मात्र हळूच विचारलं, “राहील न्हवं मेपर्यंत?” मी राहील म्हणाले. वन्संचं तिकीट निघालं होतं. त्या हुरड्याच्या निमित्तानंच येत होत्या, हे आम्हां दोघींना पक्कं ठाऊक होतं. तो गेला तर त्यांना काय सांगायचं? शेत विचारल्याशिवाय विकलं, आणि उरलेलं होतं तेही सांभाळता आलं नाही? पुढच्या वर्षी देऊ म्हणायला पुढच्या वर्षी ते रान आमचं नव्हतं.

मग तो दिवस आला. ऑफिसात डोकं भयंकर दुखायला लागलं, म्हणून मी अर्ध्या रजेवर घरी आले आणि आतल्या खोलीत पडले. दार अर्धं उघडं होतं. अव्वा एकट्या असल्या की कूलर लावत नाहीत. एका जिवासाठी कशाला एवढी वीज, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं मधली खोली तापलेली होती आणि पडद्यातून पिवळा उजेड फरशीवर सांडला होता. फ्रीझर गुणगुणत होता. मला ग्लानी आली. ज्वारी डुलायला लागली. मी त्या ताटांमध्ये पडले होते आणि कुणीतरी लांबून घागर घेऊन येत होतं, पाण्याचा थेंब थेंब आवाज करत.

डोळे किलकिले केले तर अव्वा. हातात बादली. बादलीत आमची जुनी जाड सोलापुरी चादर, लाल आणि काळ्या नक्षीची. अव्वांनी ती पिळली, झटकली, आणि फ्रीझरच्या अंगावर घातली. दोन्ही बाजूंनी नीट पसरली. मागं सोडलेला भाग सारखा केला. मग दार थोडं उघडलं, चादरीची पुढची कड आत खोचली आणि चादर घसरू नये म्हणून दार त्या कडेवर लावून टाकलं. तांब्यातलं पाणी हातावर घेऊन वर शिंपडलं. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. अव्वा अंघोळीला अर्ध्याच बादलीत भागवतात, ते पाणी कुठं जातं हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी फ्रीझरच्या कुशीवर हात ठेवला, तापातल्या लेकराच्या अंगावर ठेवतात तसा, आणि म्हणाल्या, “सुम्नीरु, सुम्नीरु.” कानडीत, म्हणजे उगी राहा.

मी हललेच नाही. ते स्वप्न असावं असं मला फार वाटत होतं, कारण स्वप्नात ते इतकं सुंदर होतं. पांढऱ्याशुभ्र फ्रीझरला लाल चादर पांघरलेली, पडद्यातला पिवळा उजेड, आणि एक म्हातारी त्याला झोपवते आहे. रोज संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा ही चादर दोरीवर वाळत असायची, आणि मी तिच्याखालून वाकून आत यायचे. गच्चीतल्या माठालाही अव्वा असंच ओलं फडकं गुंडाळतात. गावाकडं रांजणाला ओलं पोतं गुंडाळायच्या. गार राहायला हवं त्याला ओलं पांघरायचं, जन्मभर त्यांनी हेच केलं होतं आणि जन्मभर ते बरोबरच होतं.

पण हा रांजण नव्हता. मी एकदम उठले आणि पहिल्यांदा बोलले ते रागानंच, कारण भीती वाटली की मला राग येतो. “अव्वा, विजेच्या वस्तूवर ओलं घालतात का? शॉक बसला असता म्हणजे?” मी प्लग काढला आणि चादर ओढली. दार उघडलं, कड बाहेर आली. रबराच्या खाचेत पुन्हा तसाच लाल सुताचा धागा.

अव्वा दचकल्या. बादली हातातच राहिली. “ताप हाय गं त्याच्या अंगात,” त्या म्हणाल्या. “हात लावून बग की. दोनी कुशी भाजत्यात. तुमी कुणी घरात न्हाई, मग मी बगते.”

तेव्हा माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी त्यांचा हात धरून फ्रीझरच्या बाजूला लावला. सांगितलं की हा ताप नाही. आत पिशव्या गार व्हायच्या तर त्यांची ऊब कुठंतरी गेली पाहिजे, ती हा असा बाजूंनी बाहेर टाकतो. आपण वर चादर घातली तर ती जाणार कुठं? चादर घटकाभर ओली राहते, मग वाळून नुसतं पांघरूण होतं. आणि कड दारात राहिली की त्या फटीतून गरम वारा आत जातो, म्हणून वरचा खण मऊ पडतो. मला वाटलं होतं, त्यांना पटणार नाही. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी हात काढून घेतला.

“मंजी मीच घालिवला व्हय हुरडा?”

मी त्यांना जवळ घेतलं. चादरीचं पाणी आमच्या दोघींच्या पायांवर ठिबकत होतं.

मग आम्ही दोघी फरशीवर बसलो आणि पिशव्या वेगळ्या केल्या. वरच्या खणांतला हुरडा कितीदा वितळून कितीदा गोठला होता कोण जाणे. पिशवी सोडली की आंबूस वास यायचा. अव्वा प्रत्येक पिशवी नाकाशी नेत होत्या आणि बाजूला ठेवत होत्या. एका पिशवीशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या, मला वाटलं ही चांगली असेल, पण तीही बाजूला गेली. सगळ्यात खालचा खण मात्र वाचला होता. त्या पिशव्या हातात वाजत होत्या. कुठं ओल राहिली नाही याची कोरडा हात बाजूंना फिरवून खात्री केल्यावर मी फ्रीझर पुन्हा सुरू केला, आणि त्यानंतर पिशव्या कधी मऊ पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून अव्वा दुपारी कूलर लावायला लागल्या. स्वतःसाठी नव्हे, फ्रीझरसाठी. मी हसले, पण त्यांच्यासमोर नाही.

वन्सं मे महिन्यात आल्या. स्टेशनवरून घरापर्यंत त्या रिक्षात बाहेरच बघत होत्या. घरी आल्यावर आईच्या पाया पडल्या, माझ्या मुलांना खाऊ दिला, तिकडच्या उन्हाबद्दल बोलल्या. सगळं अगदी व्यवस्थित. पाहुणीसारखं. शेत हा शब्द कुणी काढला नाही. माझ्या नवऱ्याला अचानक गच्चीची टाकी धुवायची आठवण झाली आणि तो वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अव्वांनी तवा ठेवला. वन्सं पिशवी काढायला उठल्या आणि फ्रीझरला त्यांचा हात लागला. “अव्वा, हे तर लई तापलंय. बिघडलं काय?”

“बिघडलं न्हाई,” अव्वा म्हणाल्या, अगदी मेकॅनिकच्या वर. “आत गार राहायचं तर त्याला भाईरनं तापावं लागतंय. तापू दे त्याला.”

मग तव्यावर दाणे पडले. तो वास घरभर पसरला, आणि क्षणभर माझ्या मधल्या खोलीत, सोलापूरच्या मे महिन्यात, पौषातलं ऊन पडलं. अव्वांनी पाठ न वळवता, दाणे हलवत हलवत सांगितलं. जे सांगायला नको म्हणून मी शेंगाचटणी, दही, गूळ असं सगळं भराभर मांडत होते, तेच त्यांनी सांगितलं.

“तुझा वाटा ह्यापरीस लई होता. मी घालिवला. वल्ली चादर घातली त्याच्यावर. मला कळलं न्हाई. कुणाला इचारलं पन न्हाई.”

वन्संना चादरीचं काय ते कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दोन वाक्यांत सांगितलं, ओली चादर, रांजण, बादली, सुम्नीरु. वन्सं ऐकता ऐकता हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. अव्वांनी ताट त्यांच्यासमोर ठेवलं. भाजून चोळून आलेला हुरडा, त्याला आता पुन्हा चोळायचं काही कारण नव्हतं. पण वन्संनी गरम दाण्यांची मूठ घेतली, दोन्ही तळहातांत धरून हळूहळू चोळली आणि नसलेली कूस फुंकून उडवली.

“हात कर, अव्वा,” त्या म्हणाल्या.

“आदी तू खा. तुज्यासाटी ठिवलाय.”

“हात कर म्हनते न्हवं.”

अव्वांनी साडीला हात पुसला आणि पुढं केला. वन्संनी दाणे त्यावर ओतले. अव्वांना आता दात थोडेच उरलेत, त्यांना खायला वेळ लागतो. आम्ही दोघी थांबलो.

“ग्वाड हाय?” वन्संनी विचारलं.

अव्वांनी मान हलवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आगटीजवळ आमच्या हातांवर एकेक मूठ पडली, बाकीचा सगळा पिशव्यांत गेला, आणि आपल्या रानातल्या त्या शेवटच्या हुरड्याचा एकही दाणा अव्वांनी तोवर तोंडात टाकला नव्हता.